इडा मे कॉली शिष्यवृत्ती

डेलिया रो दारात आली तेव्हा तिच्या अंगावर कोट नव्हता. बाहेर सरोवरावरून येणारा वारा कान कापत होता आणि ही बाई वर्गातल्या नुसत्या पातळ निळ्या गणवेशात उभी. उजव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

हेल्मी कारवोनेन आयर्न बे कम्युनिटी कॉलेजच्या अर्थसहाय्य कचेरीत तेवीस वर्षं काम करत होती. रडत येणारे विद्यार्थी तिला नवे नव्हते. कुणाचा फॉर्म चुकलेला असे, कुणाची मुदत गेलेली, कुणाच्या बापानं सही द्यायला नकार दिलेला. पण डेलिया रडत नव्हती. तिचे दात वाजत होते.

"दार लावा," ती म्हणाली. "कुलूप लावा."

हेल्मीनं काही न विचारता कुलूप लावलं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

डेलियानं मूठ उघडली. आत लहान बाळाचा एक बूट होता. लाल, चामड्याचा, पुढे घासलेला.

"कुणाचा हा?"

"हेझलचा. माझ्या मुलीचा."

"मग?"

"मिसेस कारवोनेन, हा बूट तीन वर्षांपूर्वी केंटकीत राहिला होता. मी रस्त्यावरच्या गाडीकडे पळाले तेव्हा तिच्या पायातून ओसरीत पडला. उचलायला मागे वळले नाही. आत्ता मधल्या सुट्टीत पुस्तक आणायला गेले, तर माझ्या गाडीच्या काचेवर ठेवलेला. वायपरखाली. नीट, कुणीतरी भेट ठेवावी तसा."

 

डेलियाची गोष्ट हेल्मीला माहीत होती. कॉलेजात फक्त तिलाच माहीत होती. सरकारी मदतीचा अर्ज भरताना नवऱ्याच्या उत्पन्नाचा रकाना आला आणि डेलिया तिथंच थांबली होती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचं खरं नाव केंड्रा स्लोन. नवरा ड्वेन. दोनदा मोडलेलं मनगट. घटस्फोट, मुलीचा ताबा, नवऱ्यानं जवळ यायचं नाही असा कोर्टाचा हुकूम, आणि शेवटी कोर्टानंच बदलून दिलेलं नाव. एकट्या आईला मिळणारं पूर्ण सरकारी अनुदान हेल्मीनं तिला मिळवून दिलं होतं. फी त्यातून सुटली. दात साफ करायच्या अवजारांचा संच मात्र उरला होता. त्याशिवाय डेंटल हायजीनच्या वर्गात बसता येत नाही. तोही एका खासगी शिष्यवृत्तीतून आला.

"माझी पर्स," डेलिया म्हणाली. "किल्ल्या. मला हेझलला घेऊन निघायचंय. आत्ता."

"थांब."

"थांबू कशी? त्यांना आम्ही सापडलोय!"

"तू सापडलीयेस," हेल्मी म्हणाली. "बस. एक मिनिट बस आणि मला उत्तर दे. घराच्या दाराशी काही ठेवलं होतं?"

"नाही."

"पाळणाघरात?"

"नाही. सकाळी मीच सोडलं तिला."

"घर माहीत असतं तर बूट घराच्या पायरीवर ठेवला असता. हेझल कुठं असते ते माहीत असतं तर बूट ठेवलाच नसता, सरळ पोर उचलली असती. त्यांना फक्त कॉलेज माहीत आहे. तो बूट तुला घाबरवायला नाही, पळवायला ठेवलाय. तू पळणार कुठं? लेकीकडे. आणि तुझ्यामागे कोण असेल?"

डेलिया खुर्चीत बसली. 

हेल्मीनं पाळणाघराला फोन लावला. दार आतून बंद ठेवा, कुणालाही सोडू नका, आईच्या नावानं फोन आला तरी नाही. पलीकडच्या बाईनं एकच प्रश्न विचारला, "वरच्या मजल्यावर नेऊ का मुलांना?" हेल्मी म्हणाली, "न्या."

फोन ठेवताना तिची नजर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेली. साडेबारा, शिष्यवृत्तीच्या देणगीदारांबरोबर जेवण.

"मी नाही येऊ शकणार जेवायला," डेलिया पुटपुटली. अशा वेळीही तिला ते आठवलं.

"ते बघते मी. तुझी शिष्यवृत्ती देणाऱ्या मिसेस कॉली समजून घेतील. गोड बाई आहे. सकाळी साडेनऊलाच फोन आला होता, गावात पोचले म्हणून. विचारत होत्या, पोरीला आणणार का जेवायला, तिच्यासाठी बाहुली आणलीये. मी म्हटलं, नाही हो, ती पाळणाघरात असते, आई एकटीच येईल."

डेलियानं मान हलवली. दोघींचंही लक्ष बुटाकडे होतं.

"आता सांग. तुझं जुनं नाव इथं कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला."

"आणखी?"

"कुणालाच नाही."

 डेलियाची कागदपत्रं हेल्मीच्याच कपाटात होती. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक तिच्या गळ्यात, दुसरी कचेरीचे प्रमुख गॉर्डन पेल्टियर यांच्याकडे. आणि गेल्या आठवड्यात ती जेवून परत आली तेव्हा गॉर्डन त्या कपाटापासून घाईघाईनं बाजूला झाले होते.

तिनं डेलियाला आतल्या छोट्या खोलीत बसवलं आणि गॉर्डनना बोलावलं. आत आल्यावर कुलूप पुन्हा लावलेलं पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"गेल्या गुरुवारी माझं कपाट उघडलंत?"

"मी? का बरं?"

"मी विचारतेय, गॉर्डन."

"एखादी फाईल बघायची असेल."

"कुठली?"

गॉर्डनचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. "हेल्मी, हे हास्यास्पद आहे."

"एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. कुठली फाईल?"

"फाईल नाही," ते खाली बघत म्हणाले. "खालच्या खणातली वेलदोड्याची बिस्किटं. डॉक्टरांनी साखर बंद केलीये. बायकोला सांगू नकोस."

हेल्मीनं कपाट उघडलं. बिस्किटांचा डबा निम्मा रिकामा होता. वरच्या खणातल्या डेलियाच्या पाकिटावर तिनं स्वतः लावलेली कागदी पट्टी होती, तिच्या सहीची. पट्टी शाबूत होती. पाकीट कुणी उघडलंच नव्हतं.

म्हणजे नाव इथून बाहेर गेलं नव्हतं. पण तिला हायसं वाटलं नाही. इथून गेलं नाही तर कुठून?

डेलियानं आतून आणखी एक नाव सांगितलं. क्लेटन बीम. वेल्डिंग शिकणारा, पंचविशीचा. हल्ली सारखा तिच्या वाटेत येतो. परवा तिला विचारत होता, मुलगी केवढी आहे, नाव काय.

क्लेटनला कार्यशाळेतून बोलावून आणलं. हातमोजे काखेत धरून तो उभा राहिला.

"आज सकाळी डेलियाच्या गाडीजवळ गेला होतास?"

"कुणी सांगितलं?"

"गेला होतास की नाही?"

"गेलो होतो. पुढचं चाक बसलं होतं तिचं. कार्यशाळेतला पंप नेऊन हवा भरली."

"किती वाजता?"

"सव्वानऊला गेलो. पंप जुना आहे, वेळ लागतो. वीस-पंचवीस मिनिटं होतो."

"काचेवर काही होतं?"

"काही नव्हतं. काच पुसली मी. जरा."

"का?"

"मळली होती म्हणून." मग जमिनीकडे बघत, "तिला सांगू नका, मॅडम. तिला वाटेल, मी मागे लागलोय."

"लागला आहेसच की," हेल्मी म्हणाली. तो आणखीच आखडला. "आजूबाजूला कुणी होतं?"

"दोन रांगा सोडून एक करडी पिकअप होती. इंजिन चालूच. काचांवर वाफ होती, आतलं नीट दिसलं नाही. चालवणारा टोपी डोळ्यांवर ओढून पडला होता. शेजारी कुणीतरी होतं. फोनवर बोलत होतं बहुतेक, हात कानाशी होता. मी म्हटलं, कुणाची तरी वाट बघतायत."

"नंबराची पाटी कुठली?"

"इथली नाही. केंटकी."

आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

हेल्मीनं क्लेटनला परत पाठवलं आणि खिडकीच्या पट्ट्या बोटानं किंचित बाजूला केल्या. तिसऱ्या रांगेत, डेलियाच्या जुन्या हिरव्या गाडीकडे तोंड करून, करडी पिकअप उभी होती. नळीतून पांढरा धूर निघत होता. ती पटकन मागे झाली. 

पावणेदहापर्यंत काच रिकामी. सव्वादहाला बूट. या अर्ध्या तासातच का? ती माणसं त्याच्या आधीपासून तिथं बसली होती. मग बूट ठेवायला थांबली कशाला? त्याआधी त्यांना कशाची वाट बघायची होती?

आणि आजच का?

तिनं टेबलावरचे कागद पुढे ओढले. गेल्या काही महिन्यांत डेलियाच्या आयुष्यात नवं काय आलं होतं? नोकरी तीच, घर तेच. एकच गोष्ट नवी होती, आणि ती हेल्मीनंच दिलेली होती. इडा मे कॉली स्मृती शिष्यवृत्ती.

फाईल गुलाबी होती. तिनं अटी वाचल्या. याआधीही वाचल्या होत्या, पण तेव्हा ती विद्यार्थिनीसाठी पैसे शोधत होती. आता वेगळ्या डोळ्यांनी वाचत होती.

अर्जदार बाई असावी, सत्तावीस ते तेहेतीस वयाची. पदरात सहा वर्षांखालचं मूल असावं. आधी दुसऱ्या कॉलेजात डेंटल हायजीन शिकताना तिसऱ्या सत्रात शिक्षण सुटलेलं असावं आणि आता पुन्हा सुरू केलेलं असावं. अर्जाबरोबर निबंध, 'हिवाळ्याआधीचं माझ्या आजीचं स्वयंपाकघर'. निबंध स्वतःच्या हस्ताक्षरात हवा. टंकलेला चालणार नाही. देणगीदार बाई तो स्वतः वाचतील.

ऑगस्टमध्ये हा कागद डेलियाला देताना आपण काय म्हणालो, ते हेल्मीला आठवलं. अगं, ही तर तुझ्या मापानं शिवलेली आहे.



तिनं निबंधाची प्रत काढली. डावीकडे कललेलं, गोल अक्षर. आजी शेंगा दोऱ्यात ओवून चुलीवर वाळत टांगायची, त्याचं वर्णन. शेवटी लिहिलं होतं, 'हे सगळं माझं लेकरू कधी पाहणार नाही, पण मी त्याला सांगते.'

हेल्मीनं ते वाक्य दोनदा वाचलं. मग अर्ज पुन्हा वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग आपण मिसेस कॉलींना पाठवलेलं पत्रही. मग तिनं विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजात फोन लावला. तिथल्या अर्थसहाय्य कचेरीतली ग्लोरिया तिची जुनी ओळखीची.

"ग्लोरिया, इडा मे कॉली नावाची शिष्यवृत्ती तुमच्याकडे आली होती?"

"आली होती ना. जगातल्या सगळ्यात विचित्र अटी. तरी आमच्या दोघी बसल्या त्यात."

"मिळाली?"

"कुठली! 'यंदा योग्य उमेदवार आढळली नाही.' बिचाऱ्यांनी हातानं चार-चार पानं लिहिली होती. पानंही परत आली नाहीत. पत्रात म्हटलं होतं, एकोणीस कॉलेजांना कळवलंय. का गं? आवाज असा का तुझा?"

"नंतर सांगते," हेल्मी म्हणाली.

हेल्मीनं फोन केल्यावर शेरिफच्या पोलीस कचेरीतली मॅरिट निएमी मागच्या दारानं आली, गणवेशावर साधं जाकीट घालून. नऊ वर्षांपूर्वी ती याच खुर्चीत बसून मदतीचा अर्ज भरत होती. अजूनही ती हेल्मीला मिसेस के. म्हणायची.

"पिकअपमध्ये बसणं गुन्हा नाही, मिसेस के.," ती म्हणाली. "आतला माणूस ड्वेन स्लोनच असेल तर कोर्टाचा हुकूम त्यानं मोडलाय, मी आत्ता बेड्या घालते. पण तो नसेल, दुसराच कुणी असेल, तर मी काच ठोठावल्याबरोबर ते निघून जातील. आणि पुढच्या वेळी तुम्हाला बूटसुद्धा मिळणार नाही."

"टोपीवाला ओळखता येत नाही," हेल्मी म्हणाली. "पण शेजारी बसलेलं माणूस मी इथं आणू शकते. या खुर्चीत."

"कसं?"

"फोन करून."

आतल्या खोलीच्या दाराला हातभर काच होती, तिच्यावर जुना पडदा. हेल्मी डेलियासमोर वाकली. "तू फक्त बघायचं. आवाज करायचा नाही. ओळख पटली तर मॅरिटचा हात दाब."

"आणि मला राहवलं नाही तर?"

"मलाही राहवणार नाही," हेल्मी म्हणाली. "तरी राहायचं."

तिनं मिसेस कॉलींचा नंबर फिरवला. तिचं बोट दोनदा चुकलं.

"मिसेस कॉली? मी कारवोनेन, कॉलेजातून. अहो, जरा गडबड झालीये. डेलियाला कशानं तरी घेरी आली, नर्सकडे झोपवलंय. आणि पाळणाघरातला हीटर बंद पडला म्हणून मुलीला मघाशी मागच्या दारानं इथं आणून सोडलंय. माझ्या कचेरीत खेळतेय. मला तर साडेबाराची तयारी करायचीये. तुम्ही जवळपास असाल तर तिच्याजवळ बसाल का थोडा वेळ?"



"येते हं बाळा," गोड, थकलेला आवाज म्हणाला. "जवळच आहे मी."

ती चार मिनिटांत आली. सत्तरीची, ठेंगणी, करड्या केसांचा नीट अंबाडा, हातात बाहुलीचं खोकं. पाहुणे उतरतात ते हॉटेल सरोवराकाठी, तिथून इथं चालत यायला पंधरा मिनिटं लागतात. हेल्मीनं तिच्या बुटांकडे पाहिलं. बाहेर एवढा चिखल, आणि हिचे बूट जवळजवळ कोरडे.

"कुठंय माझी छकुली?" बाईनं खोलीभर नजर फिरवली.

"येईलच. बसा ना." हेल्मीनं दार लावून घेतलं. "एक विचारू? तुम्हाला कसं कळलं, मुलगी आहे म्हणून?"

"काय?"

"सकाळी फोनवर म्हणालात, पोरीला आणणार का. तिच्यासाठी बाहुली आणलीये."

"तिनं निबंधात लिहिलंय की."

हेल्मीनं चारही पानं टेबलावर ठेवली. "दाखवा."

बाईनं चष्मा लावला. पानं उलटली. तिचं बोट शेवटच्या वाक्यावर थांबलं.

"'लेकरू'," हेल्मी म्हणाली. "'मी त्याला सांगते.' अर्जात 'मूल' आहे. माझ्या पत्रात तर त्याचा उल्लेखच नाही. मग सांगितलं कुणी?"

"तुम्हीच म्हणाला असाल बोलता बोलता."

"मी म्हणाले, पण तुम्ही विचारल्यावर. त्याआधी नाही."

 बाहुलीच्या खोक्यावरची बाईची बोटं हलायची थांबली.

आतल्या खोलीत डेलियानं मॅरिटचा हात इतका जोरात दाबला की मॅरिटनं ओठ चावला. तिनं खांद्यावरच्या वॉकीटॉकीत एक शब्द उच्चारला आणि दार उघडलं.

"ओपल," तिच्यामागून डेलिया म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "ही ओपल स्लोन आहे. ड्वेनची आई."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. गोडवा चेहऱ्यावरून गेला नाही, फक्त गोठला. "केंड्रा. बारीक झालीस गं."

त्याच वेळी खिडकीबाहेर दोन गाड्या करड्या पिकअपला दोन्ही बाजूंनी भिडल्या. कुणीतरी ओरडलं. मग काच ठोठावल्याचा आवाज, मग दार उघडल्याचा. टोपीवाला हात वर करून उतरला, तेव्हा डेलियानं भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसली. तो ड्वेनच होता.

"मी केलं काय?" ओपल मॅरिटला विचारत होती. "एका मुलीला शिकायला पैसे दिले. तो गुन्हा आहे?"

"तुम्ही पैसे दिले नाहीत," हेल्मी म्हणाली. "गळ टाकलात. तुमच्या सुनेनं नाव बदललं, गाव बदललं, फोन टाकून दिला. तिला शोधायचं तर कसं? पण दोन गोष्टी तुम्हाला पक्क्या माहीत होत्या. तिला डेंटल हायजीन पुरं करायचं होतं, आणि तिच्याकडे पैसे नव्हते. अशी बाई आज ना उद्या कुठल्यातरी कम्युनिटी कॉलेजच्या अर्थसहाय्य खिडकीवर उभी राहणारच. म्हणून तुम्ही तिच्याच मापाच्या अटी लिहिल्या आणि एकोणीस कॉलेजांना धाडल्या. शोधायचं काम आमच्याकडून करून घेतलंत. मी ते केलं. आनंदानं केलं."

 हेल्मी घोटभर पाणी प्यायली.

"नाव बदलतं, अक्षर बदलत नाही. म्हणून हातानं लिहिलेला निबंध. तिचं अक्षर तुम्ही ओळखलंत, तेव्हा कॉलेज कळलं. पण घर मी कळवणार नव्हते, आणि तुम्हाला ती नकोच होती. तुम्हाला नात हवी होती. आज जेवणाच्या निमित्तानं मायलेकी दोघी इथं येतील, असा अंदाज होता. सकाळी ती गाडीतून एकटीच उतरताना दिसली, म्हणून साडेनऊला पिकअपमधूनच तुम्ही मला फोन केलात. मी म्हटलं, मुलगी पाळणाघरात आहे. बेत फसला. तिचा चोरून पाठलाग करायचा तर दोन-चार दिवस राहावं लागलं असतं, आणि एवढ्याशा गावात केंटकीची पाटी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली असती. मग बूट काढलात. गाडीपाशी चाकात हवा भरणारा पोरगा जाईपर्यंत थांबावं लागलं, नाहीतर आणखी आधी ठेवला असता. तो बघून आई धावत लेकीकडे जाणार, आणि तुम्ही तिच्यामागे."

"नात आहे ती माझी," ओपल म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "रक्त आहे माझं! तीन वर्षं तो बूट उशीखाली घेऊन झोपलेय मी. हिनं एक फोन केला नाही."

"माझं मनगट मोडलं तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस," डेलिया जमिनीवरूनच म्हणाली. "तू उठून रेडिओ मोठा केलास."

 मॅरिटनं ओपलच्या दंडाला धरलं. जाताना तिनं बाहुलीचं खोकं टेबलावरच ठेवलं, पण मॅरिटनं ते पुरावा म्हणून उचललं.

पिकअपच्या मागच्या आसनावर लहान मुलाची नवी खुर्ची बांधलेली सापडली. तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. पुढच्या कप्प्यात हस्तलिखित निबंधांचा गठ्ठा होता, एकतीस बायकांचे. हेल्मीनं तो मॅरिटच्या हातात पाहिला. त्यांतल्या आणखी कितीजणी कुणापासून तरी लपलेल्या असतील? गॉर्डन आपल्या खोलीत गेले आणि त्या गठ्ठ्याबरोबर सापडलेली एकोणीस कॉलेजांची यादी समोर घेऊन एकेकाला फोन लावू लागले.

एक वाजता हेझल मॅरिटच्या सहकाऱ्याबरोबर आली, त्याची मोठी टोपी घालून. डेलियानं तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"आता कुठल्या गावाला जाऊ?" ती म्हणाली.

हेल्मीनं तिला धीराचे शब्द सांगितले नाहीत. तिच्याकडे ते नव्हतेच. "जायचं असेल तर तुझी कागदपत्रं मी आजच पाठवते, म्हणशील तिथं. सरकारी अनुदान तुझ्याबरोबर येईल. ते या कॉलेजचं नाही, तुझं आहे. राहायचं असेल तर त्या बाईचे पैसे तुझ्या नावावर नकोत. अवजारांचा खर्च कॉलेजच्या अडचण निधीतून देता येतो, गॉर्डनना मी सांगितलंय. पाळणाघराचा खर्चही तुझ्या गरजेच्या हिशेबात धरता येतो, तो मी आधीच धरायला हवा होता."

"ड्वेन सुटेल?"

"कधीतरी. आज नाही. मॅरिट म्हणते, या वेळी लवकर नाही."

डेलिया हेझलच्या टोपीचा बंद गुंडाळत राहिली. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दोन वाजता माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे," ती म्हणाली. "पेशंट स्वतः आणावा लागतो. शेजारच्या बाई येणार होत्या. दारातल्या पोलिसांच्या गाड्या बघून परत गेल्या, मघाशी फोन आला."

"मग?"

"मग नापास. पेशंट नाही तर गुण नाहीत."

 सहा वर्षं हेल्मीनं दंतवैद्याचं तोंड पाहिलं नव्हतं.  नवऱ्यानं दोनदा वेळ घेऊन दिली होती, दोन्ही वेळा ती दारातून परत आली होती.

"मी येते," ती म्हणाली आणि लगेच तिला पश्चात्ताप झाला.

दोन वाजता ती आडव्या खुर्चीत पडली होती. वर पांढरा झगझगीत दिवा. दाराबाहेर बाकावर हेझल आणि तिच्याशेजारी क्लेटन, दोघंही बिस्किटं खात. हेल्मीनं खुर्चीचे हात घट्ट पकडले होते. डेलियानं हातमोजे चढवले, बारीक वाकडं अवजार उचललं. ते तिच्या बोटांत थरथरत होतं. ट्रेच्या कडेला लागून त्याचा टणटण आवाज झाला. परीक्षक बाईंनी वहीतून मान वर केली.

"घाबरलात?" डेलियानं हळूच विचारलं.

"फार," हेल्मी म्हणाली. "तू?"

"मीही."

डेलियानं एक श्वास घेतला. मनगट खुर्चीच्या कडेला टेकवलं, अवजार पुढे आणलं.

"तोंड उघडा," ती म्हणाली, आणि दाताला टोक लागलं तेव्हा तिचा हात स्थिर होता.